लेकीवन झाडून काढा

१

रुंजीला कडेवर घेऊन मी शाळेमागं पोचले, तेव्हा लेकीवन जागेवर नव्हतं.

जमीन सपाट, ताजी खरवडलेली. जेसीबीच्या दातांचे ओरखडे या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुंपणाची तार नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. कोपऱ्यात रोपांचा ढीग, मुळं वर आणि शेंडे खाली. गावातल्या बाया गोळा झाल्या होत्या, पण कोणी रडत नव्हतं. रडायचं की भांडायचं, हेच कोणाला ठरवता येत नव्हतं.

आमचं गाव सुलतानपूरहून मेहकरकडे जाताना आतल्या अंगाला आहे. इथं पोरगी जन्मली की ग्रामपंचायत कडूनिंबाचं एक रोप द्यायची. बाळंतिणीनं ते आपल्या हातानं शाळेमागच्या पंचायतीच्या जागेत लावायचं, आणि रोपाशी पोरीच्या नावाची पाटी. हेच लेकीवन. सगळी रोपं एकाच रांगेत, जन्माच्या क्रमानं. रांगेतलं पहिलं, शाळेच्या फाटकाजवळचं, माझ्या रुंजीचं. कारण ही योजना काढणारे सरपंच अर्जुनराव म्हणजे माझे सासरे. शेवटचं, रस्त्याच्या बाजूचं, वैष्णवीच्या संबोधीचं.

संबोधी गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. झाड राहिलं. वैष्णवी रोज सकाळी तांब्या घेऊन यायची. मधे बकरीनं त्या रोपाचा शेंडा खाल्ला, तेव्हा तिनं जखमेला शेणमाती लावली, आणि त्या जागेवरून दोन फुटवे आले. गुडघ्याएवढ्या उंचीवर दुफाटा. "पाह्य, एकीच्या दोघी झाल्या," ती मला म्हणाली होती.

मी ढिगात हात घातला. रुंजीचं रोप लगेच सापडलं. त्याच्या बुंध्याला मी सगळ्यांच्या नकळत काळा दोरा बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. बी.एस्सी. झालेल्या बाईनं असं करावं का, तर करू नये. सोटमूळ मधोमध तुटलं होतं. मी रुंजीच्या छातीवर तळवा ठेवला. श्वास चालू होता. असं मी दिवसातून कितीदा करते, ते कोणाला सांगत नाही.

वैष्णवी ढिगाच्या पलीकडून एकेक रोप उलटं करून बघत होती.

"माहं नाई याच्यात," ती म्हणाली.

"नीट पाह्य."

"दुफाट्याचं हाये व. आंधयाले बी सापडन."

मी रांगेच्या रस्त्याकडच्या टोकाला गेले. तिथं जेसीबीचा ओरखडा नव्हता. तिथं खड्डा होता. चौकोनी, खोल, कडा साफ. आतली माती ओली. बाकी सगळी जमीन दिवाळीनंतरच्या उन्हानं कोरडीठाक, आणि हा एकच खड्डा ओला.

सगळी झाडं मेली होती. एक कोणीतरी नेलं होतं, आणि तेही जपून.

२

दुपारपर्यंत गावाला उत्तर मिळालं, आणि ते इतकं गमतीचं होतं की लोक हसले.

दुसऱ्या दिवशी सौर पाणीयोजनेची कमिटी येणार होती. त्यासाठी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पंचायतीचा शिपाई गोपाल याला सकाळी मोबाईलवर आवाजी निरोप पाठवला होता. गोपालनं तो पारावर सगळ्यांना ऐकवला. मामाजींचाच आवाज: "गोपाल, उद्या कमिटी येऊन राह्यली. शाळेमागचं सारं झाडून काढ."

"अन् मी आयकलं, सारी झाडं काढ," गोपाल मान खाली घालून म्हणाला.

"अरे गध्या, झाडून काढ म्हटलं होतं बे! झाडू घेऊन!" मामाजींनी कपाळावर हात मारला.

आधी एक म्हातारा हसला, मग बाकीचे. मामाजी मात्र गंभीर झाले. "चूक झाली. माह्या माणसाची चूक म्हंजे माही चूक. दुप्पट झाडं लावू."

गाव हसलं, की प्रकरण संपतं. चुकीवर कोणी मोर्चा काढत नाही.

पण वच्छलाबाईंना खड्डा दिसला होता. त्यांच्या नातीचं झाड ढिगात होतं. "मंग वैष्णवीचं कसं नाई? तिले पयलेच माहीत असन. आपलं तेवढं काढून नेलं अन् आमच्या पोरीईचं मरू देल्लं."

"मावशी, माह्या पोरीची शपथ..." वैष्णवीचं वाक्य तिथंच अडलं. ती शपथ आता घेता येत नव्हती.

तिचा नवरा अश्वजित तिचा हात धरून तिला घरी घेऊन गेला. पाराला पाठ करून चालताना दोघंही खाली बघत होती.

संध्याकाळच्या आधी ती आमच्या मागच्या दाराशी आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"प्रतीक्षा, जेसीबी असा चौकोनी खड्डा करते काय? कोनं तरी नेलं माहं झाड. मले दुसरं झाड नोको. दुप्पट बी नोको. मले तेच पाह्यजे." ती रुंजीकडे बघत नव्हती; आमच्याकडे आली की कधीच बघत नाही. "तुले बारीकसारीक दिसते. पाहून दे ना."

मी हो म्हटलं. कुठल्या बळावर, ते मला माहीत नव्हतं.

३

जेसीबीवाला प्रज्वल नव्या कमानीखाली चहा पीत होता. ही कमान नुकतीच झाली, रस्त्याच्या बाजूला. 'हरित ग्राम' असं वर हिरव्या अक्षरांत. तेव्हापासून लेकीवनात जायचं म्हणजे कमानीतून. शाळेचं जुनं फाटक बंदच असतं.

"दादा, तुम्हाला निरोप कधी मिळाला?"

"वहिनी, झाडं काढाचा सकाई."

"आणि मशीन?"

"मशीन आदल्या दिवशीच निंघाली ना! उंद्रीचं काम अर्धं टाकून आलो. मालक म्हणे, अर्जंट हाये."

"कचरा झाडायला जेसीबी?"

त्यानं कप ओठांपाशी थांबवला. मग हसला, पण हसू तोंडभर पोचलं नाही. "आता अंगन झाडाले जेसीबी कोन बलावते? मले वाटलं लेव्हलिंग हाये. लेव्हलिंगच केलं म्या."

"तो कडेचा खड्डा?"

"तो माहा नाई. मी आलो तवा होताच. या बकेटनं वाकडातिकडा घास निंघते वहिनी, चौकोन नाई निंघत."

म्हणजे खड्डा जेसीबीच्या आधीचा. आणि तो खणणाऱ्यानं त्याआधी पाणी घातलं होतं, मुळांभोवती मातीचा गड्डा घट्ट राहावा म्हणून. घाईत चोरणारा माणूस पाणी घालत बसत नाही. निरोप सकाळचा, तयारी आदल्या दिवशीची. कोणीतरी त्या निरोपाच्या आधीच तो निरोप ओळखून होतं.

मी पंचायतीत गेले. दाराआड लेकींच्या पाट्या एकावर एक रचलेल्या. वरचीच 'रुंजी'.

"गोपालभाऊ, या इथं कशा?"

"रंगवाले काढल्या. आदल्या दिवशी दुपारीच काढून ठेवाले सांगतलं."

"रंग कुठाय?"

गोपाल कान खाजवायला लागला. मी कुंपणाच्या तारेचं विचारलं, ती इतकी नीट कोणी गुंडाळली. त्यानं दुसरा कान खाजवला.

"चूक तुमची नव्हतीच ना, भाऊ?"

"वहिनी, गाव मले भैरा म्हणते, म्हनू द्या. नोकरी हाये." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "कोनं सांगतलं, काऊन सांगतलं, मले कायले इचारता? तुम्ही घरीच इचारा ना."

४

घरीच विचारा. पण घरात मी सून.

नवरा, हरिओम, मेहकरच्या कृषी केंद्रात असतो. त्याला फोन केला. पलीकडं गिऱ्हाइकांची गर्दी ऐकू येत होती. "तू काऊन पडून राह्यली त्याच्यात? बाबाचं बाबा पाह्यतीन," म्हणाला, आणि रुंजीनं दूध घेतलं का ते विचारलं.

मी भांडी पुसता पुसता बघत राहिले. दुसरं काय करणार होते?

सासूबाई कौशल्याबाई भाकरी थापत होत्या. उजव्या तळव्याला चिंधी. "काय झालं, आत्याबाई?"

"भाजलं."

त्या भाकरी डाव्या हातानं उलटतात. भाजलं तर डावा भाजेल. शिवाय भाजल्यावर त्या तेल लावतात, चिंधी बांधत नाहीत.

अंगणातल्या खणायच्या टिकासाला वाळलेली माती होती. आमचं वावर काळ्या मातीचं. ही माती पांढरी होती. पांढरी माती गावठाणात मिळते, शाळेमागं.

मग रुंजीला आंघोळ घालायला मी टब शोधायला लागले. गुलाबी प्लास्टिकचा, तिच्या बारशाला आलेला. "फुटला," कौशल्याबाई मागं न बघता म्हणाल्या.

या घरात फुटलेली बादलीसुद्धा फेकली जात नाही. तिच्यात कोथिंबीर लावतात.

घरभर बघून झालं होतं, गोठा तेवढा राहिला होता. त्या मागं येऊ नयेत म्हणून मी रुंजीला त्यांच्या मांडीवर दिलं. नात मांडीवर असली की त्या उठत नाहीत. कडब्याच्या पेंढ्यांमागं, भिंतीला लागून, गुलाबी टब होता. त्यात पांढऱ्या मातीचा गड्डा, आणि गड्ड्यात हिरवंगार रोप.

चोरी आमच्याच घरात होती. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? क्षणभर वाटलं, माझ्या पोरीचं झाड वाचलं, ढिगातलं ते दुसऱ्या कोणाचं असेल.

मी पानं बाजूला केली. बुंध्याला काळा दोरा नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवर दुफाटा होता.

५

"रुंजीचं वाचवलं म्या," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. रुंजी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. "काऊन रडून राह्यली? जित्तं हाये ना."

"तुम्हाला कसं कळलं, की झाडं जाणार?"

"फोनवर बोलत होते ना तुहे मामाजी. मले कोन सांगते? पन कान तं हायेत." त्या पेंढीवर बसल्या. "तिन्हीसांजेले गेली. दुपारीच पानी टाकून आली होती. डोयानं दिसत नाई, मोतीबिंदू पिकला. पाट्या बी नव्हत्या. पन रुंजीचं पयलं झाड, हे तं मले पाठ हाये. कमानीतून शिरलं की पयलंच."

कमानीतून.

त्या एरवी लेकीवनात जात नसत. फाटक बदललं तशी रांगही उलटली, हे त्यांच्या ध्यानी आलं नव्हतं. जुन्या फाटकातून पहिली रुंजी. नव्या कमानीतून पहिली संबोधी. ज्या पाट्या बघून त्यांनी कोणाला तरी विचारलं असतं, त्या आदल्या दुपारीच काढल्या होत्या. पोरींची नावं जेसीबीखाली जाऊ नयेत, एवढी काळजी मामाजींनी घेतली होती.

मी त्यांना सांगितलं नाही. तळव्याची चिंधी दिसत होती. कसं सांगणार?

मामाजींना मात्र विचारलं. ते ओसरीवर नवा कुर्ता बघत बसले होते. मी जेसीबीचं, तारेचं, पाट्यांचं, सगळं एका दमात बोलले. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. खोटं बोलले नाहीत, हे त्यांचं मानावं लागेल.

"सूनबाई, पॅनलले ऊन लागते. सावली चालत नाई. पंचायतीची मोकयी जागा तेवढीच. जागा दाखवली नाई, तं योजना दुसऱ्या गावाले. मंग उन्हायात टँकरमागं तूच पयशीन, हिले कडेवर घेऊन."

"मग विचारलं का नाही? महिलांची ग्रामसभा घ्यायची."

"इचारलं असतं, तं तुम्ही हो म्हटलं असतं?"

मी विचार केला. खरंच केला. वैष्णवीनं हो म्हटलं नसतं. मीही नसतं म्हटलं. आणि पाणी तर मलाही हवं होतं.

"नाई म्हटल्यावर तोडली असती, तं पाप. चुकीनं गेली, तं चूक." त्यांनी चष्मा खाली घेतला. "चुकीले दुप्पट झाडं पुरतेत."

"वैष्णवीला लोक चोर म्हणून राहिलेत."

"दोन दिवस म्हनतीन."

सकाळी मी टब टोपलीत ठेवला, वर लुगडं झाकलं, आणि वैष्णवीच्या घरी गेले. तिनं लुगडं सारलं. दुफाट्यावरून बोट फिरवलं, आधी एका फांदीवरून, मग दुसऱ्या. मग तिची नजर टबावर गेली. तिनंच तो बारशाला आणला होता.

तिला ते कुठं होतं ते कळलं होतं. मी सगळं सांगितलं, कमानीची गोष्टही.

"अन् रुंजीचं?"

"ढिगात."

तिनं दुफाट्यावरचा हात काढला. मग टब माझ्याकडं सरकवला.

"घेऊन जाय."

"काय?"

"हे माह्या अंगनात दिसलं, की मीच चोर. झाकून आनलं तू. झाकून किती दिस ठेवू? झाड वाढते ना." तिचा आवाज चढला नाही. "चारचौघात आनून दे. कोठी होतं ते सांगून दे. नाई तं नोको."

६

मांडव कमानीखाली होता. कमिटीचे साहेब, हार, नारळ, सपाट केलेली जमीन. मामाजी माईकवरून बोलत होते, की या गावानं आधी झाडं लावली आणि आता सूर्य लावणार. टाळ्या पडत होत्या. बायांच्या घोळक्याच्या मागं, जरा सोडून, वैष्णवी उभी होती.

मी रुंजीला आत्याबाईंकडं दिलं, टब उचलला आणि सरळ मधून चालत गेले. या वेळी झाकला नव्हता. टेबलासमोर टब ठेवला.

"हे संबोधीचं झाड आहे," मी म्हटलं. माईक नव्हता, पण पुढच्यांनी ऐकलं. "वैष्णवीनं नेलं नव्हतं. हे आमच्या घरी होतं. आदल्या दिवशीच..."

विचार करताना मामाजी चष्मा कपाळावर घेतात. या वेळी घेतलाच नाही.

"पाहा!" ते माईकमधून गरजले, आणि माझा आवाज त्याखाली गेला. "पाहा, माह्या सुनेचं मन! आमच्या रुंजीचं झाड तेवढं वाचलं होतं, आमच्या घरी होतं. अन् हे लेकरू म्हनते, मामाजी, हे आपल्या संबोधीच्या नावानं लावा! गेलेल्या पोरीले आपल्या पोरीचं झाड! सायेब, याले म्हनतेत हरित गाव!"

टाळ्या. साहेबांनी डोळे टिपले. कोणीतरी कुदळ आणली, कोणीतरी मोबाईल उंच धरला. मी "नाही, ऐका" म्हणत होते; फोटोत माझं तोंड उघडं आलंय, लोकांना वाटतं मी हसतेय. मागं आत्याबाई रुंजीचा हात धरून हलवत होत्या. त्यांना तर अजूनही ते रुंजीचंच झाड होतं. मामाजींना त्यांनी तसंच सांगितलं असणार. खोटं बोलणारं तिथं कोण होतं, सांगा.

वच्छलाबाईंनी वैष्णवीला पुढं ढकललं. "जाय व, पाया पड. केवढं मोठं मन. अन् म्या तुले काय काय बोललं, ते पोटात घाल माय."

वैष्णवी आली. पाया नाही पडली. माझा हात हातात घेतला. तिचा तळवा गार होता.

"उपकार झाले, ताई," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

आमच्या ओळखीत तिनं मला कधी ताई म्हटलं नव्हतं.

झाड कमानीच्या उत्तरेला लावलं, सावली पॅनलवर पडणार नाही अशा जागी. आता शाळेमागं निळे पॅनल चमकतात. नळाला रोज पाणी येतं, चांगलं येतं, हे मी नाकारत नाही. रुंजी गुलाबी टबात बसून ते उडवते. दुप्पट झाडांची अजून वाट बघतोय.

झाडाशी गोपालनं हिरव्या अक्षरांची नवी पाटी लावली. वरच्या ओळीत 'संबोधी'. खालच्या ओळीत 'सौजन्य : कु. रुंजी, सरपंचांची नात'.

वैष्णवी रोज तांब्या घेऊन येते. लोक म्हणतात, बघा, उपकार विसरली नाही. मी रुंजीला बालवाडीकडं फिरवायला नेते तेव्हा थांबते. आम्ही फार बोलत नाही.

परवा मी पाटीकडं बघितलं. खालच्या ओळीतलं 'सौजन्य' जवळजवळ गेलंय. 'सरपंचांची'मधली वेलांटीही उडालीय.

"रंग हलका होता वाटते," मी म्हटलं.

"पान्यानं उडते," वैष्णवी म्हणाली, आणि उजवा हात पदराखाली घेतला. नखात हिरवं काहीतरी होतं.

पाणी दोन्ही ओळींवर पडतं. वरची ओळ कोरी करकरीत आहे.

मी कोणाला सांगितलेलं नाही.